रामोजीचे ‘साहस’ आणि भोंगीरचा खडक

पुण्याहून सोलापूरला येणारा महामार्ग सोलापुरात थांबत नाही. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद, हैदराबाद, विजयवाडा असे करत तो थेट मच्छलीपट्टणमच्या समुद्रापर्यंत जातो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणत, आता ६५ म्हणतात. आम्हा सोलापूरकरांसाठी मात्र तो फक्त ‘हैदराबादचा रस्ता’. लग्नाची खरेदी, मोठा दवाखाना, दूरचे नातेवाईक, सगळे याच रस्त्याने. हैदराबाद ओलांडून विजयवाड्याच्या बाजूला आणखी पुढे गेले की याच रस्त्यालगत रामोजी फिल्म सिटी लागते, हे इतक्या वर्षांत लक्षात आले असूनही आम्ही कधी तिथवर गेलो नव्हतो. सिनेमाचे सेट पाहायला कशाला जायचे, असे घरात म्हटले जाई. या दिवाळीच्या सुट्टीत गेलो, पण सेट पाहायला नव्हे. फिल्म सिटीच्या आत ‘साहस’ नावाचे मैदानी आणि साहसी खेळांचे एक वेगळे दालन आहे, तिथे जायला.

निघालो तीन घरची माणसे मिळून नऊ जण. आमचे थोरले दीर, ज्यांना सगळे घर भाईजान म्हणते, भाभी, त्यांची मुलगी, आमची दोन मुले, शेजारच्या खाला आणि त्यांचा नातू, आणि आम्ही दोघे. पुतणी यंदा दहावी होऊन अकरावीला गेली. कॉलेजात एनसीसी आहे, तिला त्यात जायचे आहे. अर्जावर पालकांची सही लागते. तो अर्ज दोन महिने भाईजानच्या कपाटात चादरींच्या बिलांखाली पडून होता. भाईजान नाही म्हणाले नव्हते. ते काहीच म्हणाले नव्हते. आमच्याकडे नाही म्हणण्याची ही जुनी रीत आहे. सहल काढायची कल्पना पुतणीची नव्हती, आमची होती, आणि त्यामागे थोडा हेतू होता हे सांगून टाकतो.

सोलापूर ते हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर. फजर होताच निघालो. नळदुर्गाला पाणीमहाल गाडीतूनच मुलांना सांगितला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात बोरी नदीच्या बंधाऱ्यातच महाल बांधला आहे, पाणी डोक्यावरून जाते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. हाही एक प्रकारे साहसाचाच खेळ म्हणायचा, पण बादशाही. नळदुर्ग, उमरगा हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उमरग्यानंतर थोडा वेळ कर्नाटक, मग तेलंगणा. हैदराबादच्या गर्दीत आम्ही शिरलोच नाही. शहराला वळसा घालणारा १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता झाल्यापासून सोलापूरकडून येणाऱ्याला पटनचेरूजवळ त्यावर चढता येते आणि पलीकडे विजयवाडा रस्त्यावर उतरता येते. मुक्काम त्याच बाजूला एका साध्या लॉजवर केला. फिल्म सिटीत स्वतःची हॉटेले आहेत, सितारा, तारा वगैरे, पण नऊ जणांचा तो हिशेब आमच्या पगाराला झेपणारा नव्हता.

फिल्म सिटीबद्दल थोडक्यात. ‘ईनाडू’ या तेलुगू वृत्तपत्राचे मालक रामोजी राव यांनी ती १९९६ मध्ये उभी केली. मुलांना ते ‘प्रिया’ लोणच्याचेही मालक हे कळल्यावर जास्त आदर वाटला. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. जगातले सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे, १६६६ एकर. तिकिटे रस्त्याजवळच्या दारावर घ्यायची आणि त्यांच्याच बसने आत जायचे. आत खोटे रेल्वे स्टेशन आहे, खोटे विमानतळ आहे, मोगल बाग आहे, जपानी बाग आहे, ‘बाहुबली’चे सेट आहेत. लहान मुले असतील तर एक दिवस त्यातच जातो. आमचा जीव त्यात फार रमला नाही. प्लास्टरच्या भिंतीवर हात ठेवला की पोकळ आवाज येतो, तसा पोकळपणा तासाभरात मनालाही जाणवू लागतो. खालांना मात्र सगळे आवडले. फुलपाखरांच्या बागेत त्या इतका वेळ थांबल्या की त्यांना तिथेच नातवाजवळ सोडून आम्ही ‘साहस’कडे गेलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका वॉटर पार्कात आम्ही मुलींना घेऊन गेलो होतो. पाण्यात नायलॉनचाच पोशाख चालेल असा तिथला नियम. तो समजण्यासारखा आहे, सुती कपड्याचे धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात. म्हणून मुलींसाठी पूर्ण अंगाचा, डोके झाकणारा, नायलॉनचाच पोशाख मुद्दाम शिवून घेतला होता. तरी दारावरच्या माणसाने ‘असला चालत नाही’ म्हणून परत फिरवले. मुली दिवसभर बाकावर बसून भावांच्या चपला सांभाळत होत्या. त्या दिवसापासून सहलीचे नाव काढले की आमची मुलगी आधी विचारते, ‘तिथे मला बसायचे आहे की खेळायचे?’

दोरीच्या खेळांत हा प्रश्नच येत नाही. उलट अंगभर कपडे घातलेला माणूस इथे फायद्यात असतो. कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळतात, ते उघड्या कातडीला काचतात. दोराच्या जाळीवरून सरपटताना कोपरे सोलतात. म्हणून लांब बाह्या, पायघोळ नव्हे पण पूर्ण पाय झाकणारी विजार आणि बंद बूट हाच इथला योग्य पोशाख. मुलींनी गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता आणि ट्रॅक पँट घातली होती, ती अगदी जमून गेली. ओढणी मात्र गाडीत ठेवायची. हे आम्ही बायकांना पुन्हा पुन्हा सांगतो: फिरते चाक, कप्पी, दोर, जिथे असेल तिथे लोंबणारे कापड नको, मग तो मेळ्यातला पाळणा असो की चार चाकी धावती गाडी. केसही बांधून, कपड्यात खोचून. डोक्याला पिना लावून गुंडाळायच्या स्कार्फऐवजी टोपीसारखा चढवायचा शिवलेला स्कार्फ घ्यावा, कारण वर हेल्मेट येते आणि हेल्मेटखाली टाचणी नको. आमच्या भाभींच्या स्कार्फमधून तीन पिना निघाल्या.

‘साहस’मध्ये प्रकार बरेच आहेत आणि त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, हे आधीच धरून चालावे. तिरंदाजी, नेमबाजी, रंगाच्या गोळ्यांची लढाई म्हणजे पेंटबॉल, खडबडीत रस्त्यावर चालवायची जाड टायरची एटीव्ही गाडी, डोंगरी सायकल, हवेने फुगवलेल्या पारदर्शक गोळ्यात बसून गडगडण्याचा न्यूझीलंडहून आलेला झॉर्बिंग, दोराच्या जाळ्या, आणि उंचावरची दोरांची वाट. सगळे करायला जाऊ नये. आम्ही चार निवडले.

पेंटबॉलबद्दल एवढेच की मुलगे त्यासाठी वेडे होते आणि दहा मिनिटांत दमले. गोळी जिलेटिनच्या कवचाची, आत रंग. बंदुकीतून सुटताना वेग सेकंदाला ९० मीटरच्या घरात असू शकतो. म्हणून मैदानात तोंडावरचा मुखवटा एक क्षणही काढायचा नाही, हा या खेळाचा पहिला आणि शेवटचा नियम. काच धुरकटली तर हात वर करून बाहेर यायचे आणि मग पुसायची. आमच्या धाकट्याला दंडावर एक निळा डाग मिळाला. तो त्याने नंतर आठवडाभर वर्गात दाखवला.

एटीव्ही चालवायला सोपी वाटते म्हणूनच जपून. वेग अंगठ्याने वाढवायचा असतो. घाबरला की माणूस मूठ आवळतो आणि अंगठाही दाबला जातो. वळताना शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवले नाही तर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. शिकवणारा हैदराबादी मुलगा प्रत्येक वाक्याला ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हणत होता. ‘ब्रेक एकदम नक्को मारो अम्मा.’ हे ‘नक्को’ आपल्याच मराठीचे ‘नको’. दख्खनीने ते कधी उचलले आणि आपलेसे केले कोण जाणे, पण परमुलखात कुणी ‘नक्को’ म्हटले की आम्हाला घरी आल्यासारखे होते.

तिरंदाजीच्या ठिकाणी भाईजान पहिल्यांदा पुढे झाले. तिरंदाजी आणि घोडेस्वारी यांची थोरवी आपल्या घरांतून मुलांना लहानपणापासून सांगितली जाते. सांगितली जाते, करवून घेतली जात नाही. भाईजाननी सहा बाण मारले, त्यातला एक लक्ष्याच्या कडेला लागला. पुतणीचे चार लागले. पाय खांद्याइतके फाकून उभे राहायचे, दोरी हनुवटीपर्यंत ओढायची, श्वास अर्धा सोडून थांबायचे, आणि बोटे सोडायची नाहीत तर सैल करायची. शिकवणाऱ्याचे हे शब्द तिने पहिल्यांदाच नीट ऐकले होते. भाईजान त्या वेळी धनुष्याचे लाकूड कुठले आहे ते पाहत होते.

आणि मग उंच दोरांची वाट. लाकडी खांबांवर फळ्या, लोंबती ओंडकी, एकच तार, दोन तारा, जाळी, असे टप्पे असतात. खाली उभा असलेला माणूस कोण ते ओळखता येते, पण त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते दिसत नाही, इतक्या उंचीवर. ही कल्पना फौजेच्या कवायतीतून आणि गिर्यारोहणातून आलेली आहे. तिचे साधे गमक असे: कमरेच्या पट्ट्याला दोन छोटे दोर असतात, प्रत्येकाच्या टोकाला कुलूप असलेली लोखंडी नाहीतर ॲल्युमिनियमची कडी. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना एक कडी काढून पुढच्या तारेत अडकवायची, आणि ती लागली, कुलूप फिरले, की मगच दुसरी काढायची. दोन्ही कड्या एकाच वेळी कधीही सुट्या नाहीत. चालणे कुणालाही येते. ही शिस्त सगळ्यांना येत नाही, आणि वर गेल्यावर हात थरथरत असताना तर मुळीच सुचत नाही. मोठ्या रोलर कोस्टरमध्ये आपण सामान असतो, पट्टा लावून ठेवलेले. इथे पाऊल आपल्यालाच टाकावे लागते, म्हणून आम्हाला हा खेळ त्याहून मोलाचा वाटतो. खोपोलीच्या इमॅजिकात मुलांनी जास्त आरडाओरडा केला होता. इथे ती गप्प होती.

पुतणी पट्टा बांधून घ्यायला उभी राहिली तेव्हा भाईजान मध्ये आले. त्यांनी तो पट्टा हातात घेतला. आयुष्यभर यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढलेला माणूस. त्यांनी पट्टा उलटा केला, नखाने उभा धागा आणि आडवा धागा वेगळा करून पाहिला, शिवणीवरून अंगठा फिरवला, कडेला कुठे तंतू सुटलेत का ते उन्हात धरून पाहिले. नायलॉन उन्हात राहिले की रंग आणि ताकद दोन्ही गमावते हे त्यांना कुणी सांगायला नको. मग त्यांनी शिवलेल्या पट्टीवरचा छापील कागद वाचायला आमच्याकडे दिला. अशा पट्टीवर बनवल्याचे साल असते आणि ती किती ताण सोसते तो आकडा असतो. बहुधा २२ किलोन्यूटन. म्हणजे सुमारे सव्वादोन हजार किलो वजन टांगल्यासारखे. आम्ही तसे सांगितल्यावर भाईजाननी मुलीकडे एकदा पाहिले, पट्टीकडे एकदा, आणि म्हणाले, ‘माल अच्छा है.’

बांधणारी एक मुलगी होती. नलगोंड्याकडची, बावीस-तेवीसची, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. तिने पुतणीचा पट्टा बांधला, दोन बोटे घालून घट्टपणा पाहिला, हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी ओढून पाहिली. मग दुसऱ्या मुलाला बोलावून तेच सगळे पुन्हा तपासून घेतले. वाचकांनी कुठल्याही ठिकाणी हे पाहावे: बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा आहे की नाही. दुसरी तपासणी होत नसेल तर पैसे गेले तरी चालतील, मुलांना घेऊन परत फिरावे. फॉर्मवर सही करण्याआधी तो वाचावा. रक्तदाब, दमा, हृदयविकार, चक्कर, नुकतेच झालेले ऑपरेशन, गरोदरपण, यातले काही असेल तर लाजेखातर लपवू नये. भाभींनी आपला रक्तदाब सांगितला आणि खालीच बसल्या. चष्म्याला दोरी बांधावी. खिसे रिकामे करावेत.

पुतणीने पहिले तीन टप्पे पटापट केले. चौथ्यावर, जिथे पायाखाली एकच तार आणि हाताला वरची एक तार, ती मधोमध थांबली. खाली भाईजान. वर ती. खूप वेळ थांबली. आमच्या तोंडात ‘परत ये’ आले होते. ते भाईजानच्याही तोंडात असणार, कारण त्यांचे ओठ हलत होते; पण ते पढत होते की बोलत होते ते कळले नाही. टोपीवाली मुलगी पलीकडच्या फळीवरून म्हणाली, ‘पाँव मत देखो, मेरे कू देखो.’ मग एक पाऊल आडवे, दुसरे त्याला जुळवून, असे करत ती पलीकडे गेली. उतरल्यावर तिचे गुडघे लटपटत होते आणि ती पाणी मागत होती, हसत वगैरे नव्हती. आमची मुलगी तिच्यानंतर गेली आणि दुसऱ्याच टप्प्यावरून शिडीने खाली आली. तिला आम्ही काही बोललो नाही. ती बाकावर बसली, पण या वेळी स्वतःच्या पायाने चढून, उतरून बसली होती.

भाईजान त्या टोपीवाल्या मुलीपाशी गेले. तिचे गाव कुठले, वडील काय करतात, रात्री घरी कशी जातेस, पगार वेळेवर मिळतो का, हे सगळे त्यांनी दख्खनीत विचारले. तिने कामाच्या बसचे सांगितले, बरोबर राहणाऱ्या मैत्रिणींचे सांगितले. ‘डर नई लगता?’ या प्रश्नावर तिने हात झटकला आणि पुढच्या मुलाचा पट्टा बांधायला वळली. जोहर आम्ही झाडाखाली चटई टाकून अदा केली, प्रवासातली म्हणून कस्र. दिवसाचा एकूण खर्च आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याइतका झाला, आणि हे दरवर्षी करण्यासारखे नाही हे सगळ्यांना न बोलता मान्य होते.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी भोंगीर. फिल्म सिटीपासून तासाभराच्या अंतरावर, हैदराबादहून वरंगलच्या रस्त्यावर हे गाव आहे. गावाच्या मधोमध एकसंध खडकाचा डोंगर, अंड्यासारखा गोल, पाचशे फुटांहून उंच, आणि त्याच्या माथ्यावर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळातला किल्ला. पायऱ्या खडकात कोरलेल्या. काही ठिकाणी पायऱ्या संपतात आणि उघडा उतार उरतो. याच खडकावर गिर्यारोहण शिकवले जाते, आणि निजामाबाद जिल्ह्यातल्या एका आदिवासी शेतमजूर घरातली मुलगी, मालावत पूर्णा, सरकारी निवासी शाळेतून इथेच शिकायला आली होती. २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली. तेव्हा तिला चौदा वर्षे पूर्ण व्हायची होती. शिक्षक म्हणून आमचे लक्ष शिखराकडे कमी आणि ‘सरकारी निवासी शाळा’ या तीन शब्दांकडे जास्त जाते. कुणीतरी एका वर्गात उभे राहून कोण कोण चढणार असे विचारले असेल, आणि कुणीतरी घरच्यांची सही आणली असेल.

इथे हेल्मेट नव्हते, पट्टा नव्हता. सकाळची वेळ, खडक अजून थंड. आम्ही उघड्या उताराकडे गेलोच नाही, पायऱ्यांनीच चढलो. पावसात किंवा दुपारच्या उन्हात इथे येऊ नये. दगड एकदा निसरडा असतो आणि एकदा तव्यासारखा. खाला पहिल्या दरवाजापर्यंत आल्या आणि सावलीत बसल्या. भाईजान अर्ध्या वाटेवर कठड्याला टेकून थांबले. पुतणी पुढे गेली होती; त्यांनी तिला हाक मारली. ती वीसएक पायऱ्या उतरून खाली आली.

‘कॅम्प किती दिवसांचा असतो?’ त्यांनी विचारले.

‘दहा, अब्बा.’

‘आणि रात्री?’

‘मुलींची राहण्याची सोय वेगळी. मॅडम सोबत असतात.’

त्यांनी बाटलीतले पाणी प्यायले, बाटली तिच्या हातात दिली आणि पुढची पायरी चढले.